ढोरं सुटायच्या आधी

लेख मागताना संपादकांनी एकच अट घातली. म्हणाले, “वाघ येऊ द्या.” मी त्यांना सांगितलं की चोवीस वर्षांच्या नोकरीत मी वाघ सगळे मिळून नऊदा पाहिला, त्यातही दोनदा पाठमोरा. उरलेला काळ मी फायली पाहिल्या. त्यावर ते म्हणाले, “मग फायलीतून येऊ द्या.” माणूस जाणकार असावा. आमच्याकडे वाघ बऱ्याचदा तिथूनच येतो आणि तिथेच अडतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत जमिनीला फार मागणी आहे. वर झाड असतं, खाली कोळसा किंवा चुनखडी असते आणि मधून कोणाला तरी रस्ता न्यायचा असतो. जमिनीवर नवं काही उभं राहायच्या आधी तिथे सध्या कोण राहतं, कोण येतं-जातं, कोण पिल्लं घालतं हे जाऊन बघायचं आणि लिहून द्यायचं, असं एक काम सरकारदरबारी असतं. ते मी करत होते. कार्यालयात मी ‘जंगलाची मॅडम’ होते आणि जंगल खात्यात ‘कार्यालयाची मॅडम’. म्हणजे दोन्हीकडे पाहुणी. माझ्या सहीने काम थांबतं असा बऱ्याच लोकांचा समज होता. तो खरा नव्हता, पण मी तो दूर करण्याची घाई कधी केली नाही.

या कामाचा एक छापील नमुना असतो. त्यात एक रकाना ‘वन्यप्राण्यांचा वावर’ असा. काही आढळलं नाही तर तिथे ‘निरंक’ लिहायचं. ‘काही नाही’ असं लिहिलं तर एखादा विचारतो, नीट पाहिलं का? ‘निरंक’ लिहिलं की कोणी काही विचारत नाही. मी हा शब्द किती वेळा लिहिला ते मोजलेलं नाही. निवृत्तीनंतर मात्र तो अधूनमधून आठवतो, आणि सकाळी सातच्या आत फोन वाजला की तो उचलावासा वाटत नाही. आमच्या भागातल्या वाईट बातम्या सकाळीच येतात. रस्त्यावर काय मेलं आणि शेतात कोण मेलं, हे उजाडल्यावरच दिसतं.

या कामात माणसं मात्र छान भेटली. वडशाला एका राइस मिलवाल्याच्या आवारात चिंचेवर बगळ्यांची वसाहत होती. खाली वाळत घातलेल्या धानावर जे व्हायचं ते होत होतं. झाडं तोडता येणार नाहीत म्हटल्यावर त्याने फार शांतपणे विचारलं, “मंग पक्ष्याइले नोटीस देता येते का?” मी म्हटलं, देता येईल, पण पोच कोण देणार? त्याने खरोखरच थोडा वेळ विचार केला. पुढे पिल्लं उडून जाईपर्यंत तो धान दुसऱ्या अंगणात वाळवत राहिला. असे लोक होते म्हणून नोकरी निघाली.

दुसरे होते गडचांदूरकडच्या एका चुनखडीच्या खाणीचे मॅनेजर. अतिशय सभ्य गृहस्थ. पांढरा शुभ्र शर्ट घालून त्या धुळीत ते कसे राहत हे मला कधी कळलं नाही. त्यांनी काजू-बदामाची बशी पुढे सरकवली आणि रंगीत नकाशा पसरला. त्यांना हवी असलेली टेकडी त्या नकाशात नव्हतीच. तिथे सपाट करडा रंग होता. मी म्हटलं, इथे टेकडी आहे. ते म्हणाले, “सध्या आहे, मॅडम.”

त्या टेकडीच्या कपारींत अस्वल राहत होतं. आम्ही सहा दिवस फिरलो. उकरलेली वारुळं, मोहाच्या झाडांवर नखांचे ओरखडे, बोरांच्या बियांनी भरलेली विष्ठा, आणि शेवटी एका कपारीच्या तोंडाशी आई आणि तिच्या पाठीवर बसलेलं पिल्लू. मी अहवालात सगळं लिहिलं. टेकडी वगळून खाण मंजूर झाली. म्हणजे ती टेकडी वाचली. असं सरळ वाक्य लिहायची वेळ माझ्यावर नोकरीत फार कमी वेळा आली, म्हणून इथे जरा मिरवते आहे. टेकडीकडे पुन्हा यायचंच आहे.

आता मोहबोडी.

जंगलाला चिकटून जाणारा एक जुना रस्ता रुंद व्हायचा होता. रस्त्याच्या उत्तरेला मोठं जंगल. दक्षिणेला मोहबोडी गाव, त्याची धानाची शेतं, गावाची बोडी, म्हणजे लहान तळं, आणि त्यापलीकडे जंगलाचा आणखी एक तुकडा. नवा रस्ता उंच भरावावरून जाणार होता आणि दोन्ही अंगांनी जाळीचं कुंपण लागणार होतं. प्राण्यांना इकडून तिकडे जाता यावं म्हणून रस्त्याखालून एक अंडरपास. एकच. तो कुठे असावा हे मी सांगायचं होतं.

दोन जागा होत्या. एक नाला, गावापासून सव्वा किलोमीटर पश्चिमेला. दोन्ही काठांवर दाट झाडी, तळाला वाळू. पुस्तकात वाघाच्या वाटेचं वर्णन असतं तसा नाला. दुसरी जागा पांदण, म्हणजे गावातून निघून शेतांमधून, जुना रस्ता ओलांडून जंगलात शिरणारी झुडपांनी झाकलेली गाडीवाट. गावाची ढोरं रोज तिथूनच चरायला जात.

नाल्यात मी कॅमेरे लावले. वीस दिवसांत एक नर वाघ दोनदा, बिबट, डुकरं, चितळ असं सगळं आलं. पांदणीत कॅमेरे लावता येत नव्हते. सकाळी गावातल्या बाया तिकडे जात. घरोघरी संडास बांधून झाले होते, पण त्यांत सरपण कोरडं राहतं हा शोध लोकांना आधी लागला होता. बायांच्या वाटेवर सरकारी कॅमेरा लावायचा नाही, हे मी न विचारता ठरवलं, आणि ते बरोबरच होतं. मग पांदण पायी बघायची. तीन दिवस बघितली. विश्रामगृहातून चहा-पोहे करून निघायचं, घुग्घुसच्या कोळशाची धूळ अंगावर असलेली आमची जीप गरम व्हायला वेळ घ्यायची, साडेनऊला पोचायचं. पांदणीतल्या मऊ धुळीत खुरंच खुरं. गाईंची, गोऱ्ह्यांची, बकऱ्यांची. दुसरं काहीही नाही.

गावात विचारलं. गावाचा गायकी, म्हणजे साऱ्या गावाची ढोरं चारणारा, सोमाजी तिथेच होता. साठीच्या आसपासचा, खांद्यावर घोंगडी, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. म्हणाला, “इथी काई नाई बाई. डुकरं येते कदीमदी.” आणखी दोघांनी मान हलवली. मी नाल्याची शिफारस केली आणि पांदणीच्या रकान्यात तो शब्द लिहिला.

दीडेक वर्षाने काम सुरू झालं. चुन्याच्या फक्कीने आखणी झाली, मुरूम पडू लागला. आणि एका दुपारी सोमाजी माझ्या कार्यालयात आला. चपला दाराबाहेर काढून, टेबलासमोर उभा.

“बाई, वळखलं का?”

“सोमाजीभाऊ ना? बसा.”

बसला नाही. “पांदण बंद करून राह्यले.”

“हो. कुंपण लागणार. अंडरपास नाल्यावर आहे, ढोरं तिकडून न्यावी लागतील. लांब पडेल थोडं.”

“ढोराइचं काई नाई. ढोरं काठीनं जाते. तिले कोन नेईन?”

“कोणाला?”

त्याने एकदा मागे दाराकडे बघितलं. “वाघीण हाये ना. पांदणीनं जाते. दोन-तीन दिसाआड बोडीवर पानी प्याले येते अन् दिस निघाच्या आत वापस. आता संगं दोन पिल्लं हायेत.”

मी आवाज सरकारीच ठेवला. “मी आले होते तेव्हा तुम्हीच म्हणालात, इथे काही नाही.”

“म्हटलं होतं.”

“मग?”

“तवा हाये म्हटलं असतं तं तुमी पांदण बंद केली असती. ढोरं जंगलात नेऊ नोका म्हनले असते. बायाइले मोहफुलं येचू देल्ले नसते. म्हनून नाई म्हटलं. आता नाई म्हनूनबी बंदच होऊन राह्यली.”

हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. हवा कशी आहे हे सांगावं तसं सांगितलं.

“पण मी स्वतः तीन दिवस बघितलं, भाऊ. एकसुद्धा ठसा नव्हता.”

सोमाजीने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. “बाई, ते आमच्या आदी जाते. तुमी आमच्या नंतर येता.”

तो गेल्यावर मी फाईल काढून माझा अहवाल पुन्हा वाचला. दोनशे ढोरांची आठशे खुरं रोज सकाळी ती पांदण पुसून काढत होती आणि मी पुसलेली पाटी वाचून अहवाल लिहिला होता. इतकं साधं होतं ते. माझ्या गावी, वडशाजवळ, आमच्याही घरची ढोरं आखरावर जात. ती कधी सुटतात हे मला पाचव्या वर्षापासून माहीत होतं. आखर म्हणजे सकाळी सगळ्या गावाची ढोरं जमा करायची जागा. तरी पाहणीची वेळ मी ढोरांवरून ठरवली नाही, जीपवरून ठरवली.

अर्थात सोमाजी खरं बोलत असेल तर. हा ‘तर’ मला झोपू देईना. हा माणूस एकदा स्वतःच्या पांदणीसाठी खोटं बोलला होता. आताही पांदणीसाठीच बोलत नसेल कशावरून? आणि खरं बोलत असेल तर काय होणार हे मला नीट दिसत होतं. वाघीण सवयीने पांदणीतून येणार, कुंपणाला थडकणार. नाला सव्वा किलोमीटरवर आहे हे तिला कोणी सांगितलेलं नाही. ती जाळीच्या कडेने चालत जाणार. पश्चिमेला गेली तर नाला. पूर्वेला गेली तर कुंपण जिथे संपतं तिथे मोहबोडीची शेवटची ओळ, आठ घरं, आणि त्यापुढे ट्रक. दोन पिल्लं मागे. नाल्यावर काँक्रीट पडायला तीन आठवडे होते.

मी मोहबोडीला जाऊन राहिले. संध्याकाळी उजेड असताना पांदणीतली धूळ पळसाच्या फांदीने सारखी करायची आणि सकाळी ढोरं सुटायच्या आधी वाचायची, एवढंच करायचं होतं. त्यासाठी दोन गोष्टी लागत होत्या. बायांनी चार दिवस दुसरीकडे जायचं आणि सोमाजीने ढोरं आखरावर रोखून धरायची.

पहिली गोष्ट कशी मांडावी या विचारात मी सोमाजीच्या घरी गेले. त्याची बायको अनुसया चुलीपुढे होती. मी अडखळत सुरुवात केली, तर ती हसायलाच लागली.

“आमी तं बोलत-बोलत जातो बाई. ते वाघीण ऐकते. आमचा आवाज आला का झुडपात थांबते, आमी वापस आलो का जाते.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“साऱ्या बायाइले मालूम हाये.”

“मग मला कोणी सांगितलं का नाही?”

“तुमी गड्याइलेच इचारलं,” ती म्हणाली आणि भाकर उलटवली.

खरं होतं. मी बायांच्या लाजेची काळजी घेतली होती, कॅमेरा लावला नव्हता. त्यांना नुसतं विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

दुसरी गोष्ट सोमाजीला महागात पडली. पहिल्या सकाळी आखरावर दोनशे ढोरं हंबरत उभी आणि तो वाटेवर काठी आडवी धरून. जिची दुभती म्हैस सगळ्यात पुढे होती ती कौसल्याबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “काऊन रे सोमाजी, ढोरं घरी बांधून ठेवाची होती तं मीच ठेवली असती. तू काऊन पायजे?”

“बाई वाचून राह्यली,” सोमाजी म्हणाला.

“काय वाचून राह्यली?”

“धूळ.”

“बापा,” कौसल्याबाई म्हणाली, “येवढी शिकली अन् धूळ वाचते.”

पहिल्या दिवशी धुळीत ससा आणि साळिंदर. दुसऱ्या दिवशी एक कुत्रं. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या मोठ्या साहेबांचा फोन आला, मी नक्की कोणत्या रजेवर आहे हे विचारायला. संध्याकाळी धूळ सारखी करताना माझ्या मनात आलं की उद्याही काही दिसू नये. काही नसलं तर सोमाजी खोटा, माझा अहवाल खरा, आणि मी घरी. हे मनात आलं होतं हे लिहून ठेवलेलं बरं.

तिसऱ्या दिवशी थंडी होती. धुळीवर दवाची पातळ साय होती आणि त्या सायीच्या वरून पावलं गेली होती. म्हणजे फार वेळ झालेला नव्हता. वाघाच्या पावलाला गादी असते, पुढे चार बोटं, नखं उमटत नाहीत. नराचं पाऊल चौकोनात बसतं, मादीचं थोडं लांबट. हे पाऊल लांबट होतं, सरळ रेषेत चाललेलं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी लहान पावलं. लहान पावलं सरळ चालत नव्हती. एक मध्येच कडेला गेलं होतं, तिथे शेणावर पंजा मारलेला होता, मग पळत पुन्हा आईजवळ.

मी खाली बसले. श्रद्धेने वगैरे नाही, जवळून वाचायला. दोन्ही बाजूंच्या झुडपांकडे बघायची हिंमत होईना. मोजमाप घेतलं, पट्टी ठेवून फोटो काढले, उजेड कमी असल्याने अर्धे हलले. मागून लांबून सोमाजीने विचारलं, “सोडू का ढोरं?”

“थांबा जरा,” मी म्हटलं. “अजून वाचते आहे.”

रस्त्याच्या कामावरचे उपअभियंता बोरकुटे हे उंच, सतत घाम पुसणारे गृहस्थ होते. मला वाटलं होतं खरी लढाई त्यांच्याशी होईल. त्यांनी फोटो पाहिले, पांदणीपर्यंत चालत आले, भरावाची उंची नजरेने मोजली. मग म्हणाले, “मॅडम, जागा बदलते. काँक्रीट पडायच्या आधी सगळं बदलते. फक्त चूक माझी होती असं कोणीतरी लिहून द्यावं लागते. आमच्याकडे तसा माणूस सापडत नाही.”

“मी देईन.”

“विचार करा,” ते म्हणाले. “तुमचे बाकीचेबी अहवाल आहेत.”

मोठ्या साहेबांचं मत वेगळं होतं. ते जुने, मुरलेले अधिकारी. त्यांच्या खोलीत वाघाचा एवढा मोठा फोटो होता की समोर बसणाऱ्याला त्याचे दात मोजता यावेत. “अहवाल मागे कशाला घेता?” ते म्हणाले. “पुरवणी टिपणी जोडा. ‘अधिकच्या निरीक्षणानुसार’ म्हणा. आपल्याकडे चूक होत नसते मॅडम, अधिकचं निरीक्षण होत असतं.”

पुरवणी टिपणी कुठे जाते हे मला माहीत होतं. फायलीच्या शेवटी, जिथे सुतळीची गाठ असते. नाल्यावरचं काँक्रीट तिच्यासाठी थांबलं नसतं. मी पत्र लिहिलं. ‘मोहबोडी येथील माझा अहवाल चुकीचा आहे. मी पाहणी गुरे गेल्यानंतर केली.’ दोन वाक्यांना एक दिवस लागला. अख्ख्या नोकरीत मी लिहिलेली सगळ्यात सोपी मराठी तीच.

जागा बदलली. नाल्यावर पाणी जाण्यापुरती नेहमीची मोरी राहिली आणि अंडरपास पांदणीवर आला. ठरला होता त्यापेक्षा थोडा अरुंद, पण आला.

दोन महिन्यांनी गडचांदूरकडचे ते मॅनेजर मला भेटायला आले. पांढरा शर्ट, हातात माझ्या पत्राची झेरॉक्स. ते त्यांच्याकडे कसं पोचलं हे मी विचारलं नाही. आमच्याकडे कागद योग्य माणसापर्यंत उशिरा पोचतो, बाकी सगळ्यांपर्यंत वेळेवर.

“मॅडम, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला फार आदर आहे,” ते म्हणाले, आणि मला वाटतं ते खरंच बोलत होते. “माणसाकडून चूक होते. टेकडीच्या बाबतीतही झाली असू शकेल. फेरपाहणी व्हावी एवढीच विनंती आहे.”

“तिथे मी पिल्लासकट आई पाहिली आहे.”

“हो ना. तेव्हा.”

जिच्या पाहणीत चूक झाल्याचं सिद्ध आहे तिच्याकडून फेरपाहणी करून घेणं योग्य नव्हे, असं ठरलं. सिद्ध कोणी केलं होतं? मीच. बाहेरून माणसं आली. तापलेल्या मार्चमध्ये, सकाळी साडेदहाला टेकडीवर चढली आणि बाराला उतरली. अस्वल त्या वेळी कपारीत खोल झोपलेलं असतं, हे मी कळवलं होतं. माझं पत्र ‘पुरवणी टिपणी’ म्हणून फायलीला जोडलं गेलं. वावराच्या रकान्यात काय लिहिलं गेलं हे वाचकांना सांगायला नको.

मी निवृत्त झाले तेव्हा टेकडी अर्धी होती. गेल्या वर्षी तिकडून गेले. आता त्यांचा नकाशा बरोबर आहे. त्या आईचं आणि पिल्लाचं काय झालं मला माहीत नाही. पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या गावात एका अस्वलाने एका माणसाला फाडलं अशी बातमी आली. तेच का, हे कोणीच सांगू शकत नाही. मी मात्र ते नाव आणि गाव विसरू शकलेले नाही, आणि इथे लिहीतही नाही.

एक वाचवायला गेले आणि दुसरं गमावलं, असा हिशेब लोक मला समजावून सांगतात. पण मोहबोडीचं तरी वाचलं का, हेच बरेच दिवस कळत नव्हतं.

रस्त्याचं उद्घाटन थाटात झालं. मी तेव्हा निवृत्त होते, पण मला बोलावलं होतं, तिसऱ्या रांगेत. अंडरपासच्या तोंडाला फीत, मांडव, हार. आतल्या भिंतींवर एका रंगाऱ्याकडून वाघ रंगवून घेतले होते, दात दाखवून हसणारे, गुलाबी जिभांचे. भाषणात सांगितलं गेलं की हा मार्ग वाघाच्या सोयीसाठी लोकार्पण करण्यात येत आहे. सोमाजी माझ्या बाजूला उकिडवा बसला होता. भिंतीकडे बघत हळूच म्हणाला, “बाई, तिनं हे पाह्यलं तं वापस जाईन.”

त्याला गंमत करायची होती, पण तसंच झालं. कुंपण लागलं, वाहनं सुरू झाली आणि पांदणीतून वाघीण दिसेनाशी झाली. सोमाजी रोज ढोरं सुटायच्या आधी स्वतः जाऊन बघू लागला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आठवड्यातून एकदा दुपारी त्याचा फोन यायचा. “डुकरं गेले. नीलगाय गेली. ते नाई.” पावसाळ्यात बोडी भरली, जंगलातही पाणी होतं, म्हणून ती येत नसेल अशी मी समजूत घातली. हिवाळा आला तरी नाही. मी पेपर उघडला की आधी रस्त्यावरच्या अपघातांची बातमी बघायची, त्यात किलोमीटरचा दगड कोणता ते शोधायची, मग चहा. शेवटच्या ओळीतल्या आठ घरांपैकी सहाव्या घरात सोमाजी आणि अनुसया राहत होते. वाघीण जर जाळीच्या कडेने पूर्वेला गेली असती, तर त्याचं कारण माझ्या सहीने बांधलेला बोगदा असता. नाल्यावरच ठेवला असता तर? हा प्रश्न मी रोज सोडवला आणि रोज उत्तर वेगळं आलं.

या उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी सव्वासहाला फोन वाजला. पडद्यावर सोमाजीचं नाव. उचलायला मला थोडा वेळ लागला.

“बाई,” तो म्हणाला. मागे ढोरं हंबरत होती, त्यावरून कळलं की तो आखरावर आहे, धडधाकट आहे. “ढोरं रोखून ठेवले. या.”

चंद्रपूरहून मोहबोडी दीड तास. मी म्हटलं, फोटो काढून ठेवा, ढोरं सोडा, लोक ओरडतील. तो म्हणाला, “फोटो तं काढला पोरीनं. पन तुमी पाह्यलं पायजे.”

पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. आखरावर गर्दी, ढोरं अस्वस्थ, कौसल्याबाई मला बघून म्हणाली, “आली वाचनारी. आता तरी सुटतील.” अनुसया पदर खोचून बोगद्याच्या तोंडाशी राखण करत होती, कोणी आत जाऊ नये म्हणून. मी भिंतीच्या कडेने पलीकडच्या तोंडापर्यंत गेले आणि सावकाश खाली वाकले.

पावलं उत्तरेकडून आली होती. मोठं, लांबट, सरळ रेषेत. तोंडाशी थांबलेली, तिथे धूळ जास्त दाबली गेली होती. मागे थोड्या अंतरावर आणखी दोन जोड, आता तितकी लहान नव्हेत. ती दोन तिथेच थांबली होती. मोठं पाऊल एकटं आत गेलेलं, भिंतीवरच्या त्या हसऱ्या वाघांच्या मधून, पंधरा पावलं. तिथे धुळीत बसल्याचा ठसा होता, शेपटी फिरवल्याची अर्धगोल रेघही. मग पावलं वळलेली. त्याच रेषेत परत, पिल्लांपाशी, आणि तिघांची जंगलाकडे.

“गेली नाई,” मी म्हटलं. माझी भाषा केव्हा बदलली मला कळलं नाही.

“आज नाई गेली,” सोमाजी म्हणाला. “आली तं.”

“पुन्हा येईल?”

“ते मले काय इचारता बाई. मी काय साहेब हाये?”

मी पट्टी ठेवून मापं घेतली. कोणासाठी घेतली माहीत नाही, लिहून द्यायला आता माझ्याकडे नमुनाही नाही. वहीत लिहिलं, वेळ लिहिली, पंधरा पावलं लिहिली. वर ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकला छतावरून थोडी धूळ सुटून त्या ठशांवर बसत होती.

सोमाजी काठी टेकून उभा होता. “सोडू का आता?”

“सोडा,” मी म्हटलं.

आम्ही भिंतीला चिकटून उभे राहिलो. आधी कौसल्याबाईची म्हैस आली, मग गाई, मग बकऱ्या, सगळ्यांना उशीर झालेला, सगळ्या घाईत. धूळ खाली बसली तेव्हा मी पुन्हा वाकून पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त खुरं होती. साडेनऊ वाजले होते.